पर्यटकांचा टांगा आणि वरातीची बग्गी : परवान्यात घोड्यासाठी नेमक्या कोणत्या अटी हव्यात?

गोदाकाठ (धागाकर्ता)

वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद या पट्ट्यात पर्यटकांसाठी टांगे चालवायचे म्हटले, तर परवाना देणाऱ्याने कागदावर काय लिहून घ्यावं, यासाठी हा धागा. वेरूळला ग्रामपंचायत, खुलताबादला नगरपरिषद, छत्रपती संभाजीनगर शहरात महानगरपालिका. म्हणजे एकाच रस्त्यावर तीन दारं. "घोड्याची योग्य काळजी घ्यावी" अशी गुळमुळीत अट तिन्ही ठिकाणी लिहिता येते आणि तिन्ही ठिकाणी ती कोणालाच तपासता येत नाही. त्यामुळे मोजता येईल, डोळ्याने बघता येईल असंच सांगा. वरातीच्या बग्ग्याही इथेच घेऊ. मराठवाड्यात आज गाडीला जुंपलेला घोडा दिसतो तो बहुतेक लग्नसराईतच.

कलम_अकरा

आधी जे कागदावर आहेच ते. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा, आणि त्याखाली १९६५ चे ओढकाम व ओझ्याच्या जनावरांचे नियम. हे केंद्राचे आहेत, त्यामुळे परवाना कोणाचाही असो, ते लागू आहेतच. त्यातले घोड्याच्या कामाचे आकडे:

- दोनचाकी गाडीला घोडा किंवा खेचर : हवेचे टायर असतील तर ७५० किलो, नसतील तर ५०० किलो.
- तट्टू : हवेचे टायर असतील तर ६०० किलो, नसतील तर ४०० किलो.
- चालक आणि सहा वर्षांखालची मुलं सोडून जास्तीत जास्त चार माणसं.
- दिवसाला एकूण ९ तास, आणि विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही.
- तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी १२ ते ३ काम बंद.
- काम संपलं की जनावर सोडायचं, जुंपलेलं ठेवायचं नाही.
- काटेरी लगाम, टोकदार काठी, जखम करणारा कोणताही साज चालत नाही.

एक किलोमीटर किंवा जास्त लांबीचा, तीस मीटरला तीन मीटरपेक्षा जास्त चढ असेल तर वजनाची मर्यादा निम्मी होते. घाटातून टांगा नेऊ म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

शिक्षा मात्र हास्यास्पद आहे. कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांत पुन्हा केलं तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शंभराच्या नोटेला कोण भितो? म्हणून जरब दंडात ठेवू नका, परवान्यात ठेवा : पहिल्या उल्लंघनाला ठरावीक दिवस निलंबन, दुसऱ्याला रद्द.

टांगा_स्टँड

घोडा की तट्टू, हे कोण ठरवणार? तिथेच तर मेख आहे. आपल्याकडे ७५० किलोचा आकडा सगळ्यांना पाठ, कारण तो सोयीचा.

खरारा

उंची मोजा. मानेच्या बुडाशी, पाठ सुरू होते तिथला उंचवटा ते जमीन. सर्वसाधारण रिवाजाने १४.२ 'हँड' (एक हँड म्हणजे चार इंच; १४ हँड आणि वर २ इंच), म्हणजे साधारण १४७ सेंटीमीटरपर्यंत तट्टू. आपल्याकडची देशी, भीमथडी बांध्याची जनावरं बहुतेक याच्या खालीच येतात. काटक असतात, त्याबद्दल वाद नाही, पण मर्यादा ६०० आणि ४०० ची.

आता हिशेब करून बघा. समजा टांगा २३० किलोचा. चालक ६५, चार प्रवासी प्रत्येकी ६५. एकूण ५५५. हवेच्या टायरवर तट्टू असेल तर ४५ किलो शिल्लक, म्हणजे दोन बॅगा आणि मांडीवरचं एक पोर. तोच टांगा जुन्या लाकडी चाकाचा असेल तर गाडी आणि चालक मिळून २९५ झाले, उरले १०५. दीड माणूस! चार माणसांची मर्यादा आणि वजनाची मर्यादा यांत जी आधी लागेल ती पाळायची, हे अटीत शब्दशः लिहा. "गाडीच्या वजनासकट" हेही लिहा, म्हणजे पुढे वाद नको. लाकडी चाकावर बसवलेली भरीव रबराची पट्टी म्हणजे हवेचा टायर नव्हे. तपासणीत ही पळवाट हमखास पुढे येते.

गाडी एकदा वजनकाट्यावर नेऊन तिचं रिकामं वजन रंगाने मागच्या फळीवर लिहायचं. जिनिंगच्या, कारखान्याच्या काट्यांची आपल्याकडे वानवा नाही.

गोदाकाठ

आणि घोड्याचं स्वतःचं वजन? खुराक, औषध सगळं त्यावरच ठरतं ना?

खरारा

शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर (सेंमी). खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी (सेंमी). घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १५०, लांबी १३० असेल तर २४६ किलो. टेप श्वास सोडल्यावर वाचायची. दर महिन्याला एकाच माणसाने मोजून वहीत लिहावं. दोन महिने सलग घसरण दिसली तर दात, जंत आणि खुराक या क्रमाने तपासा.

वजनाइतकाच गाडीचा तोल महत्त्वाचा आणि तो कोणत्याच नियमात नाही. सगळे मागच्या सीटवर बसले की टांगा उलाळतो, दांड्या वर उचलतात आणि पोटाखालचा पट्टा करकचतो. सगळे पुढे बसले की ओझं पाठीवर. माणसं बसल्यावर दांडीखाली तळहात घालून उचलायची. थोड्या जोराने उचलली गेली तर तोल बरोबर. आपोआप वर आली किंवा हलेचना, तर माणसं सरकवा.

पांढरा_कोट

पशुवैद्यकाच्या बाजूने. ३७ अंशांचा नियम चांगला आहे, पण मराठवाड्यासाठी तो अपुरा आहे, आणि कमी पडतो तो मे महिन्यात नव्हे, जूनमध्ये.

घोडा मुख्यतः घामाने थंड होतो. हवा कोरडी असली की घाम उडतो, दमट असली की नुसता ओघळतो. याचा ढोबळ हिशेब म्हणजे फॅरनहाइट तापमान अधिक आर्द्रतेची टक्केवारी. बेरीज १५० च्या पुढे गेली की सावध, १८० च्या आसपास काम बंद. एप्रिलमध्ये ४१ अंश (१०६ फॅ.) आणि आर्द्रता १५ धरली तर बेरीज १२१. जूनच्या अखेरीस पाऊस पडून उघडीप मिळाली की ३५ अंश (९५ फॅ.) आणि आर्द्रता ६५, बेरीज १६०. थर्मामीटर ३७ च्या खाली, नियमाने काम चालू, आणि घोडा मात्र जास्त धोक्यात.

उलटही सांगतो, नाहीतर कोणी ही बेरीज घेऊन मे महिन्यात घोडे पळवायचा. १२१ म्हणजे "सुरक्षित" असा अर्थ नाही. ही बेरीज ऊन मोजत नाही, डांबराची धग मोजत नाही आणि घोड्याने पाणी प्यायलं की नाही हेही मोजत नाही. म्हणून दोन्ही अटी एकत्र लागतात. न्यूयॉर्कमध्ये तसंच केलंय : हवा ९० फॅरनहाइटच्या (३२ अंश) वर गेली की बग्ग्या बंद, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ८० च्या वर हवा असताना बेरीज १५० झाली तरी बंद. ३२ अंश आपल्याकडे लावले तर मार्च ते जून दुपारभर स्टँड रिकामं राहील. माझ्या मते राहू द्यावं. पर्यटकालाही दुपारी दोनला मकबऱ्यासमोर उघड्या टांग्यात बसायची हौस नसते.

टांगा_स्टँड

तापमान कुठलं धरायचं? मोबाइलवरचं एक, पेपरातलं एक.

पांढरा_कोट

चिकलठाण्याच्या वेधशाळेचा आकडा सावलीतल्या, हवेशीर पेटीतला असतो. दगडी फरशीच्या चौकात प्रत्यक्ष जास्त असतं. स्टँडवरच सावलीत तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं साधं डिजिटल यंत्र टांगायचं आणि अटीत "स्टँडवरील यंत्रानुसार" लिहायचं. आर्द्रता दाखवणारं घ्या, नुसता थर्मामीटर नको.

घोड्यावर काय बघायचं ते असं. आरामात असताना शरीराचं तापमान ३७.२ ते ३८.३, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला आतल्या बाजूने बोटाला लागते, १५ सेकंद मोजून चौपट. काम थांबवून अर्धा तास सावलीत उभा केल्यावरही नाडी ६० च्या वर असेल, तर त्या दिवशी पुन्हा जुंपायचं नाही. हिरडी अंगठ्याने दाबून सोडली की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती तंबूसारखी उभीच राहिली, तर अंगात पाणी कमी आहे. आणि भर उन्हात धापा टाकणारा घोडा कोरडा असेल, घामच नसेल, तर तो थंड आहे असं समजू नका. ती सगळ्यात वाईट खूण.

कडबाकुट्टी

घामाघूम घोड्याला लगेच पाणी पाजू नये म्हणतात आपल्याकडं. पोटात कळ येती, पाय धरतात. हे खरं का खोटं? बरेच जण अजून तासभर तोंड बांधून ठिवायलेत.

पांढरा_कोट

खोटं, आणि महागात पडणारं. कामानंतर लगेच पाणी द्या. साधं, ना बर्फाचं ना तापलेल्या टाकीतलं. अर्धी बादली, दोन-चार मिनिटं चालवा, पुन्हा अर्धी. तासभर तहानेला ठेवून मग एकदम मोकळा सोडला आणि वर लगेच चंदी (दाण्याचा खुराक) दिली, तर पोटशूळ व्हायची शक्यता खरोखर वाढते. दोष पाण्याचा नाही, तहानेचा आहे. दिवसाला २५ ते ५० लिटर लागतं, उन्हाळ्यात कामावर असेल तर वरचा आकडा धरा. भरपूर घाम गेलेल्या दिवशी खुराकात ५०-६० ग्रॅम साधं मीठ, पण शेजारी साधं पाणी हवंच.

अंग थंड करायला नळी किंवा बादलीने सगळ्या अंगावर पाणी ओतत राहा : मान, छाती, पाठ, मांड्यांच्या आतून. ओलं पोतं पाठीवर टाकून ठेवू नका. ते दहा मिनिटांत गरम होतं आणि उलट ऊब धरतं.

नालबंद_काका

खुराचं कोणी बोललं नाही अजून. टांग्याचा घोडा मोडतो तो पायातून.

डांबर-सिमेंटवर रोज चालणाऱ्या घोड्याचे नाल ४ ते ६ आठवड्यांनी बदलायचे. नाल घासला नसला तरी बदलायचे, कारण खूर नखासारखा वाढतो आणि पुढचं टोक लांबलं की मागच्या शिरांवर ताण येतो. "नाल अजून जाड आहे, चालू द्या दोन महिने" हे सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि तिथूनच लंगडणं सुरू होतं.

काम असं : जुन्या खिळ्यांची दुमडलेली टोकं आधी उघडायची, मग नाल उचकटायचा. टोकं न उघडता ओढला तर खुराची भिंत फाटते. खूर तासायचा, कानशीने सपाट करायचा, मग नाल खुराच्या मापाचा करायचा. खूर नालाच्या मापाचा करायचा नाही. खिळे सहा ते आठ, तळाला दिसणाऱ्या पांढऱ्या रेषेच्या बाहेरच्या अंगाला. आत गेला की मांसात. तसं झालं तर घोडा कधी लगेच पाय झटकतो, कधी एक-दोन दिवसांनी लंगडतो. खूर हाताला गरम लागतो, ठोकलं की पाय ओढतो. तो खिळा काढून, भोक धुऊन डॉक्टरला दाखवायचं. धनुर्वाताची लस आधीच दिलेली असावी, घोड्याला तो फार लवकर होतो.

गुळगुळीत लोखंडी नाल सिमेंटच्या रस्त्यावर, त्यातही पावसाच्या पहिल्या सरीला, घसरतो. टाचेला कठीण धातूचे टिपके टाकलेला नाल किंवा रबरी तळ हा उपाय. टायर कापून केलेले नालही चालतात, पण खिळ्याचं डोकं रबरात बुडतं आणि नाल सैल झालेला दिसत नाही. दर आठवड्याला हलवून बघा.

कलम_अकरा

पुरवणी : नालबंदांच्या परवान्याचेही १९६५ चे वेगळे नियम आहेत. पाळतं कोण, ते सोडा. नाल बदलल्याची तारीख आणि नालबंदाची सही असलेलं कार्ड परवान्यासोबत मागता येईल.

कडबाकुट्टी

खुराकाचं मी सांगतो. २५० किलोच्या तट्टूला कोरड्या मापानं रोज ५ ते ६ किलो लागतं, त्यातलं निम्म्याहून जास्त वैरण पाहिजे. चंदी एका टायमाला सव्वा किलोच्या वर नको, तीन वेळा वाटून द्या. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळं जास्त झालेलं उलटून पडत नाही, पोट फुगतं नाहीतर पाय धरतात.

आपल्या भागातले धोके वेगळे हायेत.

एक, ज्वारीचं कोवळं, पाण्यावाचून खुरटलेलं पीक. बैलाला किरळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागती हे लहान पोरालाबी माहीत. घोड्याला हिरव्या ज्वारीवर बरेच दिवस चारलं तर मागचे पाय लटपटतात आणि लघवी गळायला लागती. वाळलेला कडबा चालतो, पण कुट्टी करून, पाणी शिंपडून. लांब ताटं जून असली की आतड्यात गोळा होतो.

दोन, सोयाबीनची गुळी (मळणीचा भुसा). फुकटात मिळती म्हणून पोत्यानं टाकतात. धूळ लई, नीट चावली जात नाही. वैरणीत थोडी मिसळा, पोटभर नको.

तीन, आणि हे मोठ्या अक्षरात लिहा : गायीचं नाहीतर कोंबडीचं तयार खाद्य घोड्याला घालू नका. त्यात मोनेन्सिन हे औषध असू शकतं. गायीला ते पचतं, घोड्याचं काळीज त्यानं बंद पडतं. थोडंसंबी पुरतं.

बुरशी आलेला मका तर जनावराच्या पुढं न्यायचाच नाही, मेंदूवर जातो. आणि खुराक बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू.

पांढरा_कोट

मोनेन्सिनचं अगदी बरोबर. गोठ्यात गाय आणि घोडा एकत्र असतील तर पोती वेगळ्या खोलीत ठेवा.

अजून एक मुद्दा रोगाचा. ग्लँडर्स. २००९ च्या सांसर्गिक रोग प्रतिबंधक कायद्यात तो कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांत आहे. नाकातून चिकट, घट्ट स्राव, पायाच्या आतल्या बाजूने माळेसारख्या गाठी येऊन फुटणं, खोकला, खंगणं. लस नाही, बाधित घोड्यावर उपचारही करत नाहीत, त्याला दयामरण द्यावं लागतं. माणसालाही होतो. रक्ताचे नमुने पशुसंवर्धन विभागामार्फत तपासणीला जातात, हिसारचं अश्व संशोधन केंद्र यासाठी देशातली मुख्य संस्था. पसरण्याची ठरलेली जागा म्हणजे सामाईक पाण्याचा हौद. परवाना देणारे कौतुकाने स्टँडवर हौद बांधतात, तो बांधू नये. नळ द्यावा आणि प्रत्येक घोड्याची बादली वेगळी, त्यावर त्याचा क्रमांक. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून किंवा परराज्यातून नवीन घोडा आणला तर अहवाल येईपर्यंत इतरांपासून दूर बांधा.

बालाघाट

एवढा खटाटोप कशाला? मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये व्हिक्टोरिया, म्हणजे तिथल्या मौजेच्या घोडागाड्या, बेकायदा ठरवल्या, एका वर्षात बंद करायला सांगितल्या. औरंगाबाद खंडपीठ त्याच न्यायालयाचं. शिकागोनेही २०२१ पासून घोडागाड्या बंद केल्या. मुंबईत आता बॅटरीवरच्या व्हिक्टोरिया आल्यात, इथेही तेच करा.

कलम_अकरा

निकालाचा रोख बरोबर सांगितलात, पण तो मुंबई शहरातल्या मौजेच्या फेऱ्यांबद्दल आणि तिथल्या विनापरवाना तबेल्यांबद्दल होता. इथे तो आपोआप बंदी आणत नाही. मात्र त्याच मुद्द्यांवर कोणी याचिका केली तर त्याचं वजन पडणारच. त्यातून घ्यायचा धडा तबेल्याचा : गाडीला परवाना देण्याआधी घोडा रात्री कुठे राहतो ते बघा. एका घोड्याला साधारण १० बाय १२ फूट, डोक्यावर छप्पर, खाली न घसरणारी जमीन, लीद रोज उचललेली. आत शिरल्यावर डोळे चुरचुरले तर तपासणी तिथेच संपली.

मला स्वतःला नव्याने टांगे सुरू करण्याचा उत्साह नाही. पण बंदी आणताना घोडा कुठे जाणार हे कोणी लिहीत नाही. परवाना संपला की घोडा कोणाला विकला, हे एका महिन्यात कळवायची अट घाला. चिप बसवलेली असेल तर पुढे माग काढता येतो.

टांगा_स्टँड

बग्गीचं राहिलं. वरात संध्याकाळी असते म्हणून उन्हाचा प्रश्न नाही असं वाटतं, पण घोडा दुपारीच टेम्पोत चढवून तालुक्याच्या गावाहून आणलेला असतो. ९ तास त्या चढवण्यापासून धरा. जुंपून नुसता उभा आहे तोही वेळ धरा. वरातीत निम्मा वेळ उभं राहण्यातच जातो.

नियमाच्या तक्त्यात घोड्यापुढे दोनचाकी गाडी आहे. बग्गी चारचाकी, तिच्यावर लोखंडी महिरप, दिव्यांच्या माळा, बॅटरी, आणि नवरदेवाबरोबर पाच-सहा पोरं. माणसांची मर्यादा चारच. करारात हे यजमानाच्या सहीने घ्यावं, चालकाला तिथे कोणी जुमानत नाही.

डीजेच्या भिंतीपासून घोडा लांब, फटाक्यांची माळ पुढे नाही. बिथरलेला घोडा झापडांमुळे बाजूला बघू शकत नाही, सरळ गर्दीत घुसतो. त्यामुळे तोंडापाशी धरून चालणारा एक माणूस आणि गाडीवर दुसरा, असे दोघं कायम. मागे आणि दोन्ही बाजूंना परावर्तक पट्ट्या. चाबूक शोभेलाही नको.

खरारा

साजाची तपासणी सगळ्यात सोपी, दोन मिनिटांची, शिपाईसुद्धा करेल. साज उतरवायला सांगायचा. बघायच्या जागा चार : छातीचा पट्टा, पोटाखालचा तंग, पाठीचा उंचवटा, शेपटीखालची दुमची. केस गेलेली, चकाकणारी जागा म्हणजे जखम तयार होतेय. तिथे पट्ट्याखाली लोकर किंवा जाड नमदा, आणि घोड्याला सुट्टी. पांढरे केस उगवलेले दिसले तर तिथे आधी जखम होऊन गेलीय, साज अजून तोच आहे का विचारा. तंग आवळल्यावर खाली दोन बोटं जायला हवीत. लगामाची कडी काढून स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला दाबून फिरवा, ओरखडा उठला तर ती घोड्याच्या तोंडात चालणार नाही. ओठांचे कोपरे फाटलेले असतील तर तो घोडा बरा होईपर्यंत बंद.

वयही दातावर बघता येतं. समोरच्या दातांपैकी कडेचे दुधाचे दात साडेचारच्या सुमारास पडतात. ते अजून आहेत म्हणजे जनावर कच्चं आहे, गाडीला लावू नका. घोडी अकरा महिने गाभण असते, शेवटचे तीन-चार महिने काम नाही.

गोदाकाठ

मसुद्यात घेतोय : उंची आणि वर्ग, गाडीचं लिहिलेलं वजन, चार माणसं, ९ तास, दुहेरी तापमान अट, स्टँडवरचं यंत्र, वेगळी बादली, नालाचं कार्ड, धनुर्वात लस, ग्लँडर्सचा अहवाल, तबेल्याची पाहणी, विक्रीची नोंद. तपासणी कोण आणि किती वेळा, हे ठरत नाहीये.

पांढरा_कोट

वर्षातून दोनदा पशुधन विकास अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र : एक फेब्रुवारीत, उन्हाळ्याआधी, आणि एक ऑक्टोबरमध्ये, पर्यटनाचा आणि लग्नाचा हंगाम लागायच्या आधी. मार्चनंतर दिलेलं प्रमाणपत्र कामाचं नाही, तोवर घोडा कामावर लागलेला असतो. अवघड लंगडणं किंवा शस्त्रक्रिया असेल तर परभणी किंवा उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. रस्त्यात घोडा पडला तर फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ या क्रमांकावर फोन.

टांगा_स्टँड

पडलेल्या घोड्याला उठवायच्या आधी गाडी सोडवा. दांड्या अंगाखाली असताना लगाम ओढून उठवायचा प्रयत्न केला की पाय मोडतो. एकाने डोकं जमिनीशी हलकं दाबून धरायचं, म्हणजे तो झटका देऊन उठत नाही. दुसऱ्याने पाठीकडून जाऊन पट्टे सोडायचे, पायांकडून कधीच नाही. गाठ सुटत नसेल तर पट्टा कापा. त्यासाठी प्रत्येक गाडीला धारदार सुरी बांधलेली असावी, ही अट मसुद्यात नाही, घाला.

गोदाकाठ

घातली. दोन्ही कडांना, म्हणजे घोडा कोणत्याही कुशीवर पडला तरी हाताला येईल.